अवधूताचे पाहणे



मार्गशीर्ष आला की आपल्या मंदिरात श्रीदत्तजयंतीच्या सप्ताहाची तयारी सुरू होते आणि एकादश स्कंधाची पोथी वस्त्रातून बाहेर निघते. यदुराजा आणि अवधूत यांचा संवाद आपणांपैकी बहुतेकांनी अनेकदा ऐकला आहे. कित्येकांस चोवीस गुरूंची नावे क्रमाने मुखोद्गतही असतील. तरीही यंदा त्याच संवादाचे निरूपण पुन्हा करण्यास मी प्रवृत्त झालो आहे, यास एक कारण आहे. गतवर्षी याच प्रसंगावर बोलत असता माझ्या हातून एक अपराध घडला. तो ज्या सभामंडपात घडला, त्याच मंडपात बसणाऱ्या मंडळींच्या हाती हे पत्रक पडणार आहे. तेव्हा झाले ते येथेच सांगावे हे योग्य. परंतु आधी कथा सांगतो. तिच्यावाचून माझा अपराध नेमका काय होता हे ध्यानात येणार नाही.

श्रीकृष्ण निजधामास जाण्यास सिद्ध झाले आहेत आणि उद्धव व्याकुळ झाला आहे. आपण गेल्यावर मला कोण शिकवील, हा त्याच्या व्याकुळतेतील खरा प्रश्न आहे. भगवंत त्याला सांगतात की, मनुष्याचा गुरू बहुतांशी त्याचा आत्माच असतो. डोळ्यांनी पाहून आणि बुद्धीने अनुमान करून तो आपले हित जाणू शकतो. आणि हे पटावे म्हणून ते एक प्राचीन इतिहास सांगतात. ययातीचा पुत्र यदु याला एक तरुण अवधूत निर्भयपणे हिंडताना दिसला. राजाला आश्चर्य वाटले. हा पुरुष समर्थ आहे, विद्वान आहे, कुशल आहे. मग हा जडासारखा, उन्मत्तासारखा, पिशाच्चासारखा का वावरतो? सारे लोक कामलोभाच्या वणव्यात होरपळत असता हा गंगेच्या पाण्यात उभ्या असलेल्या हत्तीसारखा शांत कसा? राजाने हात जोडून तसे विचारले, तेव्हा अवधूताने आपल्या गुरूंची यादी सांगितली. तिच्यात पृथ्वी, वायू, आकाश, जल, अग्नी, चंद्र आणि सूर्य आहेत; कपोत, अजगर, समुद्र, पतंग, मधमाशी आणि हत्ती आहेत; मध काढून नेणारा, हरिण, मासा, पिंगला, कुरर पक्षी, बालक, कुमारी, बाण करणारा, सर्प, कोळी आणि शेवटी कुंभारीण माशी आहे. एवढे सांगून तो थांबत नाही. आपला स्वतःचा देहही आपला गुरू झाला, असे तो पुढे म्हणतो.

या अवधूताचे नाव त्या अध्यायांत दिलेले नाही. तो साक्षात् दत्तात्रेय, ही आपल्या परंपरेची श्रद्धा. आणि तिला आधारही आहे, कारण भागवताच्याच द्वितीय स्कंधात यदु आणि हैहय यांस दत्तात्रेयांच्या चरणरजाने योगसिद्धी लाभल्याचा उल्लेख येतो. एकनाथमहाराजांनी या एकादश स्कंधावर मराठीत विस्तृत टीका लिहून ती १५७३ साली वाराणसीत पूर्ण केली, आणि तेव्हापासून हे चोवीस गुरू मराठी घराघरांत येऊन बसले.

आता एका गोष्टीकडे आपले लक्ष वेधू इच्छितो. या चोविसांपैकी एकानेही अवधूताला दीक्षा दिलेली नाही. कपोत आपल्या पिलांच्या शोकाने जाळ्यात पडला. त्याला आपण कोणाचे गुरू झालो हे कळलेच नाही. पिंगलेने आशा सोडली आणि ती सुखाने निजली. कुमारी पाहुण्यांसाठी साळी कांडीत होती आणि कांकणे वाजू नयेत म्हणून एकेक उतरवीत होती; अंगणाबाहेर कोणी उभे आहे आणि ते आपल्यापासून एकांताचा पाठ घेत आहे, याची तिला वार्ताही नव्हती. शिष्य आला, पाहून गेला. त्याने गुरूजवळ काही मागितले नाही, गुरूची वाट अडवली नाही, त्याचे काही बिघडविले नाही. जगात इतके निरुपद्रवी शिष्यत्व दुसरे नसेल.

येथे श्रोते नेहमी एक शंका काढतात. अवधूताला अरण्य होते, नदी होती, समुद्र होता. आम्ही बेळगाव-शहापुरात, टिळकवाडीत, निपाणीच्या पेठेत राहणारी माणसे. आम्हांस दुकान आहे, नोकरी आहे, मुलांची शिकवणी आहे. आम्ही हरिण आणि अजगर कोठे पाहावेत? या शंकेला आपल्याच भागाने उत्तर दिलेले आहे. येथून जवळच बाळेकुंद्री आहे. श्रीपंतमहाराज (१८५५ ते १९०५) अवधूत संप्रदायाचे. त्यांनी बेळगावात शिक्षकाची नोकरी केली, प्रपंच केला, वर्गावर जाऊन मुलांना शिकविले. आज त्यांच्या समाधीच्या आमराईत आपण जातो तेव्हा हा संप्रदाय घर सोडून रानात गेलेल्यांपुरता नाही, हे आपोआप समजते. मग अरण्याच्या जागी आपल्याला काय आहे? माझे उत्तर अगदी साधे आहे. आपल्याला उद्यान आहे.

छत्रपती शिवाजी उद्यानात मी गेली काही वर्षे सकाळी जाऊन बसतो. वैद्यांनी चालण्यास सांगितले म्हणून मी जाऊ लागलो हे कबूल करतो. त्यात अध्यात्म नव्हते. चालणे दोन फेऱ्यांत संपे आणि उरलेला वेळ बाकावर जाई. प्रारंभी वृत्तपत्र नेत असे. एके दिवशी ते घरी विसरले, आणि त्या दिवशी प्रथम मी उद्यान पाहिले.

किती जीव तेथे असतात! साळुंक्या हिरवळीवर अशा चालतात की जणू सभेस उशीर झाला आहे. खार झाडावरून उलटी उतरते, मध्येच थबकते, शेपटी झटकते आणि कोणतेही कारण न घडता पुन्हा वर पळते. घार उंचावर पंख न हालविता फिरत असते आणि तिची सावली गवतावरून सरकली की खालची पाखरे एकदम गप्प होतात. रेल्वेच्या बाजूने शिट्टी ऐकू येते; पक्षी तिला सरावले आहेत, नवीन आलेले तान्हे मूल मात्र दचकते. एक कुत्रे आहे, ते फेऱ्या मारणाऱ्यांपैकी एकाच गृहस्थाबरोबर चालते. ते गृहस्थ त्याला काही घालीत नाहीत, हाकही मारीत नाहीत. पावसाळ्यात आपल्याकडे दिवसेंदिवस जी झडी लागते तिच्यात बाक भिजलेले असतात, आणि तरी छत्री घेऊन येणारे पाचसहा जण असतातच. माळी वाकून कुंपण कापीत असतो. रस्त्यावरून ढोलताशे वाजत गेले तरी त्याची मान वर होत नाही. राजाची स्वारी जवळून गेली तरी ज्याला कळली नाही त्या बाण करणाऱ्याची गोष्ट तेव्हा आठवतेच.

आणि मुले. एकदा तीनचार वर्षांचा एक मुलगा धावता धावता पडला. गुडघे खरचटले असावेत. परंतु तो रडला नाही. प्रथम त्याने मान वर करून सभोवार पाहिले. आई पाठमोरी होती. मग तो उठला, आईपर्यंत चालत गेला, तिच्या पदराला हात लावला आणि तेथे रडला. मला हसू आले, आणि लगेच वाटले की साठी उलटल्यावर आपण तरी निराळे काय करतो? आपले दुःखही कोणी पाहणारे असल्यावाचून बहुधा बाहेर पडत नाही. भागवतातले बालक मान आणि अपमान दोन्ही न जाणणारे आहे. हे बालक त्याहून थोडे मोठे झालेले होते, इतकेच.

येथवर सारे ठीक आहे. परंतु केवळ बसून राहणे म्हणजे पाहणे नव्हे. खरे पाहणे किती कष्टाचे असते याचे एक उदाहरण परदेशातून देतो. फ्रान्स देशात झाँ-आन्री फाब्र (१८२३ ते १९१५) नावाचे एक शिक्षक होऊन गेले. कीटकांच्या जीवनक्रमावर त्यांनी दहा भागांचा ग्रंथ लिहिला. १८७९ साली त्यांनी सेरिन्यान या खेड्यात दगडधोंड्यांची एक ओसाड जागा घेतली आणि उरलेले आयुष्य तेथील गांधीलमाश्या, भुंगेरे आणि कोळी पाहण्यात घालविले. त्यांनी स्वतःच लिहून ठेवलेली एक हकीकत मी वाचली आहे. एके दिवशी एका दगडावर बसून ते एका माशीकडे पाहत होते. द्राक्षे तोडावयास निघालेल्या तीन बायका सकाळी तेथून गेल्या. सायंकाळी परत येताना त्यांना तोच मनुष्य, त्याच दगडावर, जमिनीकडे बघत बसलेला दिसला. त्यांपैकी एकीने कपाळाला बोट लावले आणि बिचारा वेडा आहे, अशा अर्थाचे काही पुटपुटली. यदुराजाने अवधूताला उन्मत्तासारखा म्हटले होते. हजारो कोसांवर, हजारो वर्षांनी, द्राक्षे तोडणाऱ्या बाईनेही तेच म्हटले!

फाब्र यांचे नाव घेतले आहे तर कुंभारणीची गोष्टही सांगून टाकतो, कारण ती आमच्या उद्यानातच घडली. एका फलकाच्या मागच्या बाजूस कुंभारीण माशीने मातीचा इवलासा घट बांधला होता. शेजारच्या कुटुंबातील एक विद्यार्थी माझ्याबरोबर फेरी मारावयास येत असे. त्याला मी कीटक-भृंग न्याय समजावून सांगितला. माशी एका किड्याला पकडून घरात कोंडते. तो किडा भयाने सतत तिचेच ध्यान करतो आणि ध्यानाच्या बळाने तिचेच रूप घेऊन बाहेर पडतो. तसा जीव ईश्वराचे ध्यान करता करता ईश्वररूप होतो. मुलाने सारे ऐकून घेतले आणि अत्यंत नम्रपणे म्हणाला, "आजोबा, आमच्या पुस्तकात वेगळं आहे. ती माशी आधी आत अंडं घालते. मग अळ्यांना डंख मारून आत भरते. अंड्यातलं पिलू त्या अळ्या खाऊन मोठं होतं, आणि तेच बाहेर येतं."

मुलगा खरे बोलत होता. फाब्र यांनी तर ते अंडे घटाच्या छताला सूक्ष्म तंतूने टांगलेले असते हेही पाहून नोंदविले आहे. अळी माशी होत नाही. अळी माशीच्या पिलाचे अन्न होते. आता माझ्यासारख्या पोथी सांगणाऱ्याने काय करावे? मुलाला दटावून गप्प बसविणे सोपे होते. तसे करणारे मी पाहिले आहेत. मी त्याला म्हणालो, "बाळा, प्राचीन द्रष्ट्याने जे पाहिले ते खोटे नव्हते. आत अळी गेली हे त्याने पाहिले, बाहेर माशी आली हेही पाहिले. मधले दिवस घटाचे दार लिंपलेले होते." दृष्टान्त हा एकदेशी असतो, त्याचा एक अंश घ्यावयाचा, हे आपले शास्त्रच सांगते, ध्यानाने ध्याता पालटतो हा सिद्धान्त माशीवर अवलंबून नाही. पण घरी येताना मला ते वाक्य टोचत राहिले. मधले दिवस दार लिंपलेले होते. आपण किती गोष्टींचे आत जाणे आणि बाहेर येणे तेवढे पाहतो, आणि मधले सारे आपल्या पदरचे घालतो!

ही समज मला थोडी अगोदर आली असती तर बरे झाले असते. कारण माझा अपराध याच जातीचा होता, आणि तो आधीच घडून गेला होता.

उद्यानाच्या एका कोपऱ्यात एक वृद्ध गृहस्थ येत. धोतर, डोक्यास टोपी, हातात कापडी पिशवी. पिशवीतून जोंधळ्याची मूठ काढून ते पारव्यांपुढे टाकीत आणि पाखरांशी काहीतरी बोलत. बोलणे कानडीत असे. दूर असल्याने मला शब्द कळत नसत. एक मूठ संपली की दुसरी. नऊ वाजले, ऊन आले, तरी ते उठत नसत. मी त्यांना दोन वर्षे पाहत होतो आणि एकदाही त्यांच्याशी बोललो नव्हतो. माझ्या मनात मी त्यांना एक जागा ठरवून दिली होती. हा मनुष्य म्हणजे कपोत, असे मी स्वतःशी म्हणे.

गतवर्षी दत्तजयंतीच्या सप्ताहात तिसऱ्या दिवशी कपोताचा प्रसंग आला. कथा आपणांस ठाऊक आहे. कपोत आणि कपोती झाडावर घरटे बांधून राहिली, पिले झाली, पिलांच्या कौतुकात दोघे देहभान विसरली. एके दिवशी दोघे चारा आणावयास गेली असता व्याधाने पिले जाळ्यात धरली. परतलेली आई आक्रोश करीत जाळ्यात पडली आणि कपोतही विलाप करीत आपण होऊन त्यात गेला. अतिस्नेह करू नये, हा त्यातला पाठ. मंडप भरलेला होता आणि बोलण्याला रंग चढला होता. श्रोत्यांना जवळचा दाखला द्यावा म्हणून मी म्हणालो, "कपोत पाहावयास दूर जावयास नको. आपल्या उद्यानात एक गृहस्थ रोज पारव्यांशी बोलत बसलेले असतात. सकाळपासून ऊन चढेपर्यंत! घरी कोणी वाट पाहत असेल, चहा निवत असेल, सून रागावत असेल, याचे त्यांना भानही नसते." मंडपात हशा पिकला. मला त्या हशाचा संतोष वाटला, हेही लिहून ठेवतो.

आरती झाली. तीर्थप्रसादाची रांग लागली. मी पळीने तीर्थ देत होतो. एक हात पुढे आला आणि मी वर पाहिले तो तेच गृहस्थ. ते आपल्या मंदिरात येतात हे मला ठाऊक नव्हते, कारण मंडपात मी मुखे पाहत नाही, श्रोते पाहतो. त्यांनी तीर्थ घेतले, डोळ्यांस लावले, आणि कानडी वळणाच्या मराठीत, राग अथवा उपहास यांचा लेश नसलेल्या आवाजात म्हणाले, "बुवा, घरी वाट बघायला कोण नाही की." आणि मागच्या माणसाला वाट देऊन पुढे सरकले.

त्या रात्री मला अन्न गेले नाही. घरच्यांनी विचारले तेव्हा अजीर्ण झाले असे सांगितले. म्हणजे अपराधावर असत्याची भर.

नंतर पुष्कळ विचार केला. माझे चुकले कोठे? माहिती चुकली, हे तर उघडच आहे. परंतु माहिती बरोबर असती, त्यांच्या घरी खरोखर सून रागावत असती, तरी ते बोलणे योग्य झाले असते काय? मी पुन्हा पोथी उघडली आणि सातव्या अध्यायापासून नवव्यापर्यंत एकाच हेतूने वाचत गेलो. अवधूत यदूला काय म्हणतो? मी हे पाहिले, मी हे शिकलो, मी हे सोडले. कपोत पाहून तो स्वतः सावध झाला. राजा समोर बसलेला आहे, राजाला राज्य आहे, राण्या आहेत, पुत्र आहेत. कपोताचा दाखला राजाला लावणे किती सहज होते! परंतु 'राजा, तू कपोत आहेस' असे तो एकदाही म्हणत नाही. चोवीस गुरू सांगितले, आणि त्या चोविसांचा शिष्य एकच, तो स्वतः. मी मात्र उलटे केले होते. पाहिले दुसऱ्याला, आणि पाठही दुसऱ्यालाच दिला. मधून मी मोकळाच राहिलो.

बाकावर बसून पाहण्यातील हा धोका मोठा आहे, आणि तो आपणां सर्वांसच आहे. उद्यानात चार तरुण शेजारी शेजारी बसून आपापल्या मोबाइलात मान घालून असतात. त्यांना पाहताच माझ्या मनात नादाला भुलून पारध्याच्या हाती लागलेले हरिण उभे राहते. कोणी भेळेची तिसरी पुडी आणते, आणि मला जिव्हेने बद्ध झालेला मासा आठवतो. बाकावर दोघे वृद्ध बसतात, तिसरा येतो, सीमेचा प्रश्न निघतो, १९५६ साल निघते, महाजन आयोग निघतो, २००४ साली सर्वोच्च न्यायालयात गेलेला दावा निघतो, आवाज चढतात. आणि मला कुमारीची कांकणे ऐकू येऊ लागतात. मनाला ही सवयच आहे. पाहा, आताही मी तेच केले! चार तरुणांना हरिण करून टाकले. ते कदाचित परगावच्या आईशी बोलत असतील.

तेव्हा निदान एवढे तरी पाळावे असे मी ठरविले. जे दिसेल त्यातला पाठ ज्याच्यापाशी जातो तो मीच असलो तर तो घ्यावा, नाही तर नुसते पाहावे. पुष्कळदा नुसतेच पाहणे उरते, आणि त्यात काही उणे आहे असे आता वाटत नाही.

त्या गृहस्थांपाशी मी चवथ्या दिवशी गेलो. तीन दिवस धैर्य झाले नाही. क्षमा मागण्याकरिता एक मोठे वाक्य मी मनात जुळविले होते. मी जवळ जाताच ते सरकून बसले आणि म्हणाले, "बर्री, बर्री, बुवा. बसा की." मी वाक्य अर्धे बोललो. त्यांनी पिशवी पुढे केली. मी मूठ भरून घेतली. पारवे क्षणभर उडाले आणि परत उतरले. बराच वेळ कोणी बोलले नाही. मग त्यांनी विचारले, "कबुतराच्या नंतरचा गुरू कुठला तो? त्या दिवसानंतर मी आलोच नाही." मी म्हणालो, "अजगर." ते हसले. "म्हणजे नुसतं पडून राहणारा. ते मला जमेल."

पुढे हळूहळू कळले. पत्नी वारली त्यास काही वर्षे झाली होती. ती अंगणात पाखरांना दाणे घालीत असे. घर विकले, अंगण गेले. सवय मात्र ते उद्यानात घेऊन आले. पाखरांशी ते काय बोलतात हे मी विचारले नाही. ते दार लिंपलेलेच राहू दिले.

एक गोष्ट व्यवहाराची म्हणून येथे नोंदवितो. पारव्यांच्या विष्ठेच्या सततच्या सान्निध्याने फुफ्फुसाचा विकार जडू शकतो असे डॉक्टर सांगतात. मुंबईत कबुतरखान्यांचा वाद २०२५ साली उच्च न्यायालयात गाजला, तो आपण वाचला असेलच. भूतदया करणाऱ्याने शेजाऱ्याच्या श्वासाचाही विचार केला पाहिजे. मी हे त्यांना सांगावे की न सांगावे, या विचारात एक आठवडा घालविला. सांगितले तेव्हा ते म्हणाले, "माझ्या डॉक्टरनं पण सांगितलंय." दुसऱ्या दिवसापासून ते दाणे घालीनासे झाले. पाणी मात्र ठेवतात. मातीचे एक पसरट भांडे, तेही बसण्याच्या जागेपासून लांब, कुंपणाशी. त्यावर आता साळुंक्या आणि खारीही येतात. पारवे पहिले काही दिवस त्यांच्या पायांशी येऊन माना वाकड्या करून पाहत. ते रिकामे हात उघडून त्यांना दाखवीत. ते दृश्य पाहणे मला सोपे गेले नाही. कपोताचा पाठ मी वर्षानुवर्षे सांगत आलो होतो. ममता सोडणे म्हणजे काय ते त्या उघड्या हातांत पाहिले.

गेल्या श्रावणात ते पंधरा दिवस दिसले नाहीत. मला त्यांचा पत्ता ठाऊक नव्हता. नावसुद्धा मी तोवर विचारले नव्हते, याची लाज वाटली. माळ्याला विचारले, त्याने "गावाला गेलेत" एवढेच सांगितले. त्या दिवसांत भांड्यात पाणी मी घालीत असे. रोज येतानाच प्रथम त्या कोपऱ्याकडे दृष्टी जाई. कपोत कोण, हा प्रश्न आता मला निराळ्या रीतीने पडू लागला होता.

सोळाव्या दिवशी ते आले. निपाणीस बहिणीकडे गेले होते, आणि तेथून नृसिंहवाडीस. हातात प्रसादाच्या पेढ्यांचा पुडा होता. वाडीचा महिमा आपणांस सांगावयास नको. कृष्णा आणि पंचगंगा यांच्या संगमावरील ते स्थान. पावसाळ्यात पूर चढला की पाणी मंदिरात शिरते, श्रींच्या पादुकांवरून वाहत दक्षिणद्वाराने बाहेर पडते, आणि त्या प्रवाहात स्नान करावयास दूरदूरचे लोक येतात. यंदा तो योग साधला काय, म्हणून मी विचारले.

"साधला की," ते म्हणाले. "पण मी पाण्यात उतरलो नाही. पाय धरत नाहीत. वर उभा राहिलो." थोडे थांबून त्यांनी पेढ्याचा पुडा सोडला आणि माझ्यापुढे धरला. "किती माणसं होती, बुवा. आमच्याकडची होती, तुमच्याकडची होती. एक कुत्रं पण भिजत उभं होतं. पाणी आत गेलं, भायेर आलं. कोण काय बोललं नाही. सगळी नुसती बघत होती."